आधी शी तपासा, मग औषध

रस्त्यावरून किंवा तबेल्यातून कुत्रं घरी आणलं की पहिल्या आठवड्यात त्याचं पोट बिघडतं, हे लोक धरूनच चालतात. जागा बदलली, माणसं बदलली, खाणं बदललं. त्या ताणानं आतडी ढवळून निघतात आणि दोन-तीन दिवसांत आपोआप ताळ्यावर येतात. पण आठवडे उलटूनही शी घट्ट होत नाही, जरा बरं वाटतं न वाटतं तोच पुन्हा पातळ सुरू होतं, असं झालं तर तो निव्वळ ताण नसतो. आमच्या चिंगीचं असंच झालं. आम्ही मुंबईच्या आरे वसाहतीत राहतो आणि ती इथल्याच एका युनिटमध्ये, म्हशींच्या तबेल्यात जन्मलेली. आई गाडीखाली गेली आणि पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही तिला घरी आणली. चार-साडेचार महिन्यांची, तांबूस रंगाची, कानांची टोकं काळी, अंगावर बरगड्या दिसताहेत आणि पोट मात्र टम्म. तिचं पोट ठिकाणावर आणताना जे शिकायला मिळालं, ते नव्यानं कुत्रं घरी आणणाऱ्यांच्या हाती द्यावं म्हणून हे लिहिते आहे.

१. ते आजवर काय खात होतं, हे आधी विचारून घ्या.

तबेल्यातल्या चाचांना मी खोदून खोदून विचारलं. "सब खाती है, मैडम," एवढंच आधी म्हणाले. मग एकेक निघत गेलं. सकाळी धार काढून झाली की भांड्याच्या तळाचं दूध. दुपारी चपातीचे तुकडे. म्हशींच्या आंबोणातली उरलेली पेंड. येणाऱ्याजाणाऱ्यांनी टाकलेली बिस्किटं. म्हैस व्याली की वार. आणि येताजाता शेण.

ही माहिती औषधाइतकीच मोलाची ठरली. पिल्लू आईचं दूध सोडतं तसतशी दुधातलं लॅक्टोज पचवायची त्याची ताकद कमी होत जाते. त्यात कुत्रीच्या दुधात लॅक्टोज साधारण ३ टक्के, म्हशीच्या दुधात ५ च्या आसपास, आणि स्निग्धांश तर ६-७ टक्क्यांच्या घरात. १९४९ पासून आरे ही दुधाचीच वसाहत. मुंबईतले गोठे शहराबाहेर हलवायचे म्हणून ती वसवली. इथे कुत्र्याला दूध घालणं हा प्रेमाचा पहिला आविष्कार असतो आणि त्या प्रेमाबद्दल मला आदर आहे. पण जुलाब होणाऱ्या कुत्र्याला दूध नको, म्हशीचं तर मुळीच नको. शेण आणि वार यांचा उल्लेख ऐकून डॉक्टर मॅडम लगेच म्हणाल्या, "मग जंत आणि जंतू, दोन्ही बघायला लागतील."

२. शीकडे नीट बघायला शिका.

हे काम किळसवाणं वाटतं, पण निम्मं निदान इथेच होतं. मॅडमनी औषध लिहायच्या आधी प्रश्नांची सरबत्ती केली. दिवसातून किती वेळा? एका वेळी किती? कुंथते का? आव पडते का? रक्त असलं तर लाल की काळं? उलटी आहे का?

या प्रश्नांमागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. छोट्या आतड्याचं दुखणं असलं तर शी भरपूर आणि पाण्यासारखी होते, कुत्रं वाळत जातं आणि रक्त गेलं तर ते पचून डांबरासारखं काळं दिसतं. मोठ्या आतड्याचं असलं तर घडीघडी जावं लागतं, प्रत्येक वेळी चमचाभरच होतं, खूप कुंथावं लागतं, वर चिकट आव असते आणि रक्त लालभडक थेंबांचं असतं. वजन मात्र फारसं घटत नाही. चिंगीत दोन्ही मिसळलेलं होतं. सकाळची पहिली शी ढीगभर आणि काळपट; मग दिवसभर दाराशी जायचं, पाठीची कमान करून बसायचं, कुंथायचं आणि फरशीवर पांढरट आवेचा एक ओघळ.

मुलाच्या जुन्या वहीत आम्ही नोंद ठेवायला लागलो. वेळ, काय खाल्लं आणि शी किती घट्ट याचा आकडा. पशुवैद्यक १ ते ७ अशी मोजपट्टी वापरतात. त्यात २ म्हणजे घडीव, उचलली तर जमिनीवर डाग न राहणारी आणि ७ म्हणजे निव्वळ पाणी. "कालपेक्षा बरं वाटतंय" या बोलण्यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. सकाळी ६, दुपारी ४, रात्री पुन्हा ६, हे बघितलं की कळतं. जोडीला मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

३. लस न झालेलं पिल्लू असेल तर पहिला संशय पार्वोचा.

इथे एक रात्रही थांबू नका. पिल्लू खाणं सोडतं, उलट्या करतं, मलूल पडतं आणि घाणेरड्या वासाचे रक्ताळ जुलाब होतात, ही पार्वोची चिन्हं. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि आजही लस न घेतलेल्या पिल्लांचा कर्दनकाळ आहे. संसर्ग झाल्यापासून साधारण ३ ते ७ दिवसांत लक्षणं दिसतात, म्हणजे पिल्लू घरी आणल्यानंतरच्या आठवड्यातच ती उमटतात आणि आपण ती "जागाबदल" म्हणून अंगावर काढतो. दवाखान्यात शीवर काही मिनिटांत होणारी तपासणी असते. चिंगीची आम्ही पहिल्याच दिवशी करून घेतली. ती खेळत होती, खात होती, तरीही. नाही असं उत्तर आल्यावरच पुढचा विचार करायला मन मोकळं झालं.

४. जंताचं औषध एकदा दिलं म्हणजे जंत गेले, असं नसतं.

सकाळची ताजी शी छोट्या डबीत घालून तासाभरात दवाखान्यात पोचवली. सूक्ष्मदर्शकाखाली अंकुशकृमींची, म्हणजे हुकवर्मची, अंडी दिसली. हे जंत आतड्याच्या भिंतीला चावा घेऊन लटकतात आणि रक्त पितात. मॅडमनी चिंगीचा ओठ वर करून मला हिरड्या दाखवल्या. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी असतात. तिच्या जवळजवळ पांढऱ्या पडल्या होत्या. काळपट शीचं कारण तिथे उघड झालं.

आता आपल्या मातीचा विचार करा. या जंताची अंडी शीतून जमिनीवर पडतात आणि उबदार, ओल्या मातीत आठवडाभरात त्यांच्या अळ्या तयार होतात. त्या तोंडावाटे शिरतात, तशाच पंजांच्या कातडीतूनही शिरतात. पिल्लाला आईच्या दुधातूनही मिळतात. आरेतली झाडांखालची सावली, तबेल्यांमागचा चिखल आणि जूनपासून चार महिने न वाळणारी जमीन. अंकुशकृमीला याहून सोयीची जागा नाही.

बहुतेक औषधं आतड्यातल्या मोठ्या जंतांवर चालतात. अंगात इतरत्र फिरणाऱ्या अळ्या त्यातून वाचतात आणि दोन-तीन आठवड्यांनी आतड्यात येऊन बसतात. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा डोस, गरज पडली तर तिसरा, आणि शेवटी पुन्हा शी तपासणं. डोस वजनावर ठरतो. आठवड्याला किलो-अर्धा किलो वाढणाऱ्या पिल्लाला मागच्या वेळचंच माप चालत नाही. दर वेळी वजन करून घ्या. आणि रक्त कमी झालेल्या पिल्लाला लोह वगैरे किती द्यायचं ते डॉक्टरांनीच ठरवावं.

५. एका तपासणीत दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं समजू नका.

जंत गेले, हिरड्यांना रंग आला, तरी जुलाब पुरते थांबेनात. दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी पिवळट, तेलकट, आंबूस वासाची शी. पहिल्या तपासणीत जियार्डिया दिसला नव्हता. पण हा सूक्ष्म परजीवी रोज शीतून बाहेर पडत नाही, अधूनमधून पडतो. म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्यावे लागतात किंवा त्याची वेगळी चाचणी करावी लागते. आम्ही तीन नमुने दिले, तेव्हा तो सापडला.

जियार्डिया पाण्यातून येतो. आरेत ओशिवऱ्याचा उगम आहे, शेजारून मिठी वाहते, आणि पावसात तर रस्त्याच्या कडेचा प्रत्येक खड्डा म्हणजे कुत्र्यांचा पाणवठा. शेण कालवलेलं ते पाणी चिंगी जन्मापासून पीत होती. घरी आल्यावरही फिरताना डबक्याकडे तिची मान आपसूक वळायची. म्हणून बाहेर निघताना बाटलीत उकळून गार केलेलं पाणी आणि एक वाटी बरोबर घ्यायची आणि घराबाहेर पडल्याबरोबर आधी ते पाजायचं, हा आमचा नेम झाला. तहान भागलेलं कुत्रं डबक्याकडे कमी ओढतं.

औषध सलग ३ ते ५ दिवसांचं असतं आणि त्यापेक्षा जास्त महत्त्व स्वच्छतेला आहे. जियार्डियाचे कोष शीतून बाहेर पडताक्षणी संसर्गाला तयार असतात. ते शेपटीखालच्या केसांना चिकटतात, कुत्रं अंग चाटतं आणि तेच पुन्हा पोटात जातात. औषधाच्या शेवटच्या दिवशी साबणानं नीट आंघोळ घाला, मागचा भाग विशेष धुवा. अंथरूण गरम पाण्यात धुवा. कोष ओलाव्यात टिकतात, कोरडेपणात मरतात. पण पावसाळ्यात वाळवायचं कुठे? आम्ही गोधड्या बाजूला ठेवल्या, जुन्या सुती चादरींचे तुकडे केले आणि इस्त्री फिरवून पूर्ण कोरडे करून अंथरले.

६. जुलाब बंद करायची माणसाची गोळी देऊ नका.

शेजारच्या काकूंनी मायेनं अर्धी गोळी पुढे केली होती. "वहिनी, आमच्या टॉमीला लगेच थांबलं बघा." लोपेरामाइडसारखी गोळी आतड्याची हालचाल रोखते. आत विष किंवा जंतू असतील तर ते आतच कोंडले जातात. काही जातींच्या कुत्र्यांना तर ती घातकच ठरते. औषधाच्या दुकानातून मेट्रोनिडाझोल आणून देण्याची पद्धतही फार बोकाळली आहे. ते प्रतिजैविक पोटातल्या उपयोगी जंतूंचीही धूळधाण करतं. युरोपातल्या पशुवैद्यकांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत तर सौम्य आणि मध्यम जुलाबांवर प्रतिजैविकं देऊच नयेत, असं म्हटलं आहे. शी बांधल्यासारखी दिसणं आणि दुखणं बरं होणं या दोन गोष्टी आहेत. मी काकूंना एवढंच म्हटलं, "आधी तपासणी होऊ दे, काकू, मग बघू." त्यांनाही पटलं.

७. खाणं एकच, आणि देणारा हातही एकच.

मला विचाराल तर औषधापेक्षा हे अवघड. नवं जनावर घरात आलं की सगळ्यांनाच त्याला काहीतरी भरवायचं असतं. सासूबाई पोळीला तूप लावून द्यायच्या, मुलगा बिस्किटाचा तुकडा, गेटवरचे वॉचमन काका डब्यातला घास. पोटाला आधी एकसुरीपणा हवा असतो, तो मिळत नव्हता. शेवटी सगळ्यांसमोर ठरवलं. वाटी माझ्या हातातूनच जाईल आणि बाकीच्यांनी खेळायचं, कुरवाळायचं. सासूबाई थोड्या हिरमुसल्या. मग त्यांच्याकडे भोपळा उकडायचं काम दिलं आणि ते त्यांनी जिवापाड केलं.

आमचं पथ्य असं होतं. मऊ शिजवलेला भात, त्याच्या निम्मं उकडलेलं, हाडं-कातडी-चरबी काढलेलं चिकन आणि दोन चमचे उकडून कुस्करलेला लाल भोपळा. मीठ, हळद, तेल काही नाही. कांदा-लसूण तर कधीच नाही. ते कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. दिवसाचं खाणं चार-पाच भागांत. पिल्लाला उपाशी ठेवायचं नाही, त्याची साखर झपकन उतरते. आवेसाठी मॅडमनी भिजवलेलं इसबगोल चिमूटभर घालायला सांगितलं. मोठ्या आतड्याला असा विरघळणारा चोथा मानवतो आणि इसबगोलानं चिंगीची आव लक्षात येण्याइतकी कमी झाली.

मात्र भात-चिकन हे कायमचं जेवण नव्हे. त्यात कॅल्शियम फारच कमी. वाढत्या पिल्लाला महिनोन्‌महिने तेवढंच दिलं तर हाडं कच्ची राहतात. शी सलग आठवडाभर २-३ वर आल्यावर आम्ही पिल्लांचं तयार अन्न सुरू केलं. आधी चौथा हिस्सा नवं, तीन-चार दिवसांनी निम्मं, मग पाऊण. मध्ये एकदा आकडा ५ वर गेला तेव्हा एक पायरी खाली उतरलो आणि तिथे थांबलो. या वेळी वहीनं खरं काम केलं.

८. रात्रीची सोय आधी करून ठेवा.

जुलाबाच्या कुत्र्याला रात्री दोनला बाहेर जायचं असतं, आणि आरेत रात्री दोनला कुत्र्याला बाहेर नेता येत नाही. आमच्या मागचं रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे आणि तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा मोठा वाटा असतो, हे अभ्यासांतूनही दिसलं आहे. २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आरेत माणसांवर हल्ले झाले. २०२२ च्या दिवाळीत एका तान्ह्या मुलीचा जीव गेला. इथले वारली पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाला पुजत त्याच्या शेजारी राहत आले आहेत. अंधार पडल्यावर त्याची वाट त्याला मोकळी सोडायची, ही त्यांची रीत आम्हीही पाळतो. शिवाय कुंथत बसलेलं अशक्त पिल्लू म्हणजे आयतं भक्ष्य, आणि त्याच्याजवळ वाकलेलं माणूस बिबट्याला लहानखुरं दिसतं.

म्हणून जाळी लावलेल्या गॅलरीच्या एका कोपऱ्यात पसरट घमेल्यात वाळू आणि खाली वर्तमानपत्रांची थप्पी, अशी सोय केली. बाहेरची मूठभर माती तिच्या वासासकट वर टाकली, तेव्हा चिंगीला जागा कळली. जेवणाच्या वेळाही बदलल्या. पिल्लू खाल्ल्यावर साधारण अर्ध्या तासात शीला जातं. शेवटचं खाणं संध्याकाळी पाचला दिलं की उजेडातच एक फेरी होते. बाहेर नेताना साखळी आखूड, दुसरं माणूस बरोबर, मोठ्यानं बोलत, आणि झुडपांच्या कडेनं नाही. गॅलरीची फरशी रोज ब्लीचच्या पाण्यानं पुसायची, पण आधी शी पूर्ण उचलून. घाणीवर ओतलेलं ब्लीच निकामी ठरतं.

९. पाणी किती जातंय ते बघा.

मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडा. ती लगेच बसली नाही, हिरड्या चिकट लागल्या किंवा डोळे खोल गेले, तर सलाईनची वेळ आली आहे. मग घरी प्रयोग करत बसू नका. थोडं थोडं, पण वारंवार पाजा. एकदम वाटीभर प्यायलं की उलटी होते.

१०. तीन आठवडे झाले तर पुढच्या पायरीवर जा.

इथपर्यंत आलात तर रक्त तपासणी हवी. आपल्याकडे गोचिडीचा ताप सर्रास असतो आणि कधी तो पोटाच्या तक्रारीआडून डोकावतो. स्वादुपिंड पाचकरस कमी तयार करत असेल, तर कुत्रं हावऱ्यासारखं खातं आणि तरी वाळतं. त्याची रक्तचाचणी वेगळी असते. कधी बी-१२ कमी पडलेलं असतं. आणि सगळं नकारात्मक आलं तर खाण्याचीच परीक्षा घ्यायची, म्हणजे पूर्वी कधी न खाल्लेलं एकच प्रथिन निदान दोन आठवडे. जुन्या जुलाबांची कितीतरी कुत्री निव्वळ खाणं बदलून बरी होतात, त्यामुळे ही परीक्षा औषधांच्या रांगेत शेवटी ढकलू नका. सोनोग्राफीसारख्या तपासण्यांसाठी परळला जायचा पर्याय आहेच. बैलघोडा हॉस्पिटल म्हणून मुंबईकर ओळखतात ते बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, आणि त्याला लागूनच १८८६ पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय. आम्हाला रक्त तपासणीच्या पुढे जावं लागलं नाही. जियार्डियानं सोलवटलेलं आतडं भरून यायला वेळ लागतो, एवढाच उरलेल्या मऊ शीचा अर्थ होता.

११. घरातल्या मुलांचा आणि बाहेरच्या मातीचा विचार सोडू नका.

अंकुशकृमीच्या अळ्या माणसाच्या कातडीतही शिरतात आणि तिथे खाजणाऱ्या लाल वेड्यावाकड्या रेघा उमटवतात. गोल जंतांची अंडी मुलांच्या हातातून तोंडात गेली तर डोळ्याला किंवा यकृतालाही त्रास होऊ शकतो. आमच्या इमारतीमागे पाड्यावरची पोरं अनवाणी खेळतात. त्यामुळे चिंगीची शी जिथे पडेल तिथून, पाऊस असो नसो, उचलून आणायची आणि संडासात टाकायची, याला घरात कुणालाच सूट नाही. मुलालाही डॉक्टरांना विचारून जंताचं औषध दिलं. तबेल्यातल्या उरलेल्या दोन पिल्लांनाही आम्ही जंताचं औषध पाजून आलो, चाचांनी स्वतः धरली. तिथलीच माती आणि तिथलीच कुत्री चिंगीला रोज वाटेत भेटतात.

जुलाब चालू असताना लस द्यायची की थांबायचं, हे डॉक्टरांवर सोडा. चिंगीची त्यांनी थोडी पुढे ढकलली होती. आता पार्वो-डिस्टेंपर आणि रेबीजच्या लशी झाल्या आहेत आणि पावसाळ्यात उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून येणाऱ्या लेप्टोचीही. शीची तपासणी दर तीन महिन्यांनी ठेवली आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन पुरेसं भरलं की निर्बीजीकरण करायचं आहे. मॅडमनी दिवाळीनंतरची तारीख दिली आहे.